पॅडवरची हलगी

परवा गावात वरात निघाली. बेंजो पार्टी नेहमीचीच, पण हलगीवाला नव्हता. पॅडवाल्यानं बटण दाबलं, हलगी वाजली, पोरं बेभान नाचली. "आवाज कसला भारी निघतोय!" मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं होत राहिलं. आमचा हलगीवाला दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो. तो आणि बायको मिळून एक कोयता.

रात्री झोप येईना म्हणून 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'चा १९७१ चा अल्बम लावला, 'देअर्स अ रायट गोइंग ऑन'. (बीड जिल्ह्यात हे ऐकणारा मी एकटाच असेन, हसू नका.) काळे-गोरे, बाया-माणसं एकत्र वाजवणारा हा सॅन फ्रान्सिस्कोचा सोल-फंक बँड. १९६९ ला यांनी वुडस्टॉक गाजवलं. पुढं नशेनं आणि भांडणांनी घर पोखरलं. ७१ च्या सुरुवातीला ड्रमवाला ग्रेग एरिको सोडून गेला. मग स्लाय स्टोननं बऱ्याच गाण्यांत ताल मशीनवर धरला. अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला. पण ऐकताना पाहुणे गेल्यावरच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं.

त्यांचा बेसवाला लॅरी ग्रॅहम आधी आईसोबत क्लबात वाजवायचा. तिथंही ड्रमवाला गेला. मग यानं अंगठ्यानं तार ठोकून ड्रमची उणीव भरून काढली. तीच पद्धत पुढं फंकभर पसरली. १९७२ ला तोही बँडमधून बाहेर पडला.

म्हणजे माणूस गेला की मागं राहिलेले वाट काढतातच. आमच्या पॅडवाल्यानंही काढली, त्याचा काय दोष? पण एरिको का गेला यावर लोक पन्नास वर्षं लिहितायत. आमचा हलगीवाला ऐन लग्नसराईत का जातो, हे वरातीत एकानंही विचारलं नाही.

हिशोब सरळ आहे. मुकादम सहा महिन्यांची उचल आधीच हातात ठेवतो. आपण सुपारी देतो ती लग्नाच्या दोन दिवस आधी, तीही घासाघीस करून. डीजेवाल्याशी मात्र कुणी घासाघीस करत नाही. चार गावांनी मिळून सीझनच्या लग्नांची सुपारी दसऱ्यालाच दिली तर? अवघड आहे का? सांगा बरं.

काल त्याला फोन लावला. फडातच होता. "कुणी वाजवली?" त्यानं विचारलं. पॅडवर वाजवली म्हणालो. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, घराची चावी शेजारी ठिवलीय. हलगी माळ्यावर हाय. उंदरं कातडं खातेल, तेवढं बगा."