पानाचेच फूल

गटे हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला बहुधा एकाच आख्यायिकेमुळे ठाऊक असते : 'शाकुंतल' वाचून तो ते डोक्यावर घेऊन नाचला. वर्गात मीही ही कथा अनेकदा सांगितली आहे. 'शाकुंतल'चा जर्मन अनुवाद त्याने १७९१ मध्ये वाचला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने वनस्पतींच्या रूपांतरणावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती, हे मात्र मला फार उशिरा कळले, आणि तेही एका क्षुद्र रोपट्यामुळे.

माझी भाची वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. गेल्या हिवाळ्यात तिने मला तिची प्रयोगशाळा दाखवली. दिव्यांखाली ओळीने कुंड्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत मातीला चिकटलेली पानांची चकती, तिच्यातून निघालेला वीतभर दांडा आणि टोकाला कणीएवढी चार पाकळ्यांची पांढरी फुले. कूळ मोहरीचे, नाव 'अरॅबिडॉप्सिस थॅलियाना'. सोळाव्या शतकात जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या योहान्स थाल या वैद्यावरून ते आले आहे. युरोपात हे तण पडीक, रेताड जमिनीत आपोआप उगवते. आपल्या रानांत ते नाही, त्यामुळे मराठीत त्याला रुळलेले नावही नाही.

"याची भाजी करतात? औषध?"

"नाही."

"मग याचा उपयोग काय?"

ती हसली. "मामा, हे तू विचारतोस?"

मी वरमलो. आठवड्यापूर्वीच एका विद्यार्थिनीचे वडील विभागात आले होते. "मराठी विशेष घेऊन हिला उपयोग काय?" असे त्यांनी सरळ विचारले होते. मी दुखावलो होतो आणि काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली होती. तोच प्रश्न आता माझ्या तोंडून, तितक्याच सहजतेने, बाहेर पडला होता.

भाचीने मग समजावून सांगितले. हे रोप निवडले गेले ते त्याच्या लहानपणामुळेच. जागा कमी लागते, दीड-दोन महिन्यांत बीपासून बीपर्यंतचे चक्र पुरे होते आणि जनुकसंचही आटोपशीर. संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली पहिली वनस्पती हीच, साल २०००.

नंतर तिने एक विचित्र फूल दाखवले. त्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या होत्या आणि मध्यभागी पुन्हा नवे फूल. एक जनुक निकामी झाल्याचा हा परिणाम. एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये अशा बिघडलेल्या फुलांवरून फुलाच्या घडणीचा नियम मांडला. जनुकांचे तीन गट मिळून निदल, पाकळी, पुंकेसर आणि स्त्रीकेसर ठरवतात. तिन्ही गट निकामी झाले तर चारही मंडलांत पानांसारखेच अवयव उरतात.

"हे गटेने ओळखलं होतं," ती म्हणाली. पान हाच मूळ अवयव, पाकळ्या आणि केसर ही त्याचीच रूपांतरे, हे त्या पुस्तिकेचे सार. कवीच्या नेहमीच्या प्रकाशकाने ती छापायला नकार दिला होता. जनुक हा शब्दही नसलेल्या काळात केवळ पाहून, तुलना करून त्याने जे म्हटले, त्याला दोनशे वर्षांनी या तणाने दुजोरा दिला.

परतताना एक गोष्ट मनात राहिली. पाकळी कशाने घडते हे कळले ते पाकळी हरवलेल्या रोपांमुळे. कविता शिकवताना मीही कधी कधी ओळीतला एक शब्द झाकून ठेवतो आणि काय कोसळते ते मुलांना पाहायला सांगतो. जे सहज नजरेआड होते त्याचे काम ते नाहीसे झाल्यावरच दिसते.

तुलना लंगडी आहे, हे मी जाणतो. या तणापासून मिळालेले ज्ञान पिकांच्या अभ्यासात कामी येते. झाकलेल्या शब्दाबद्दल तसे म्हणता येणार नाही. त्या विद्यार्थिनीने शेवटी अर्थशास्त्र घेतले. तिच्या वडिलांना देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

भाचीने कागदाच्या पुडीत थोडे बी दाखवले होते. ते तपकिरी, जवळजवळ धुळीसारखे होते. माझा श्वास जरा जोरात पडला तेव्हा तिने पटकन हात आडवा धरला.