नाभींतील खीळ

अर, नेमि आणि नाभि हे शब्द आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां विवरून सांगितले; परंतु नाभि आवळून धरणाऱ्या खिळ्यांचा विचार करण्याचा प्रसंग आला तो अमेरिकेंतील आमच्या पुतण्याच्या पत्रांमुळें. त्यानें फोर्डची जुनी 'मॉडेल टी' मोटार दुरुस्तीस घेतली आहे.

१९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या या गाडीच्या लांकडी चाकास बारा आरे असतात. त्यांचीं मुळें पाचरींप्रमाणें एकमेकांस भिडतात आणि सहा बोल्ट त्यांना लोखंडी तबकड्यांमध्यें आवळून धरितात. लांकूड सुकून आकसलें कीं पकड ढिली होते, चाक करकरतें, भोंकें झिजतात.

गाडी अस्सल राहावी म्हणून जुनेच बोल्ट ठोकून काढून पुन्हा बसवावे, असें चिरंजीवांचें मत. परंतु बोल्टचें टोंक नटावर ठोकून पसरलेलें असतें. तें कानशीनें न घासतां घण घातल्यास आरा फुटावयाचा. घासल्यास तें पुन्हा पसरण्याइतकें उरत नाहीं. सबब बोल्ट नवेच हवेत. ते एकेक करून बदलावे, म्हणजे आरे जागचे हलत नाहींत. समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे व मग टोंकें पसरावीं. आरेच सैल झाले असतील तर मात्र तेहि बदलावे.

मागील चाकांत ब्रेकचा ड्रमहि याच बोल्टांवर असतो, आणि गाडींत आमचीं नातवंडें बसावयाचीं आहेत! आम्हीं तसें स्पष्ट लिहिलें. त्यानें चोवीस नवे बोल्ट मागविले. जुने डब्यांत जपून ठेवणार म्हणतो. त्यास आमची हरकत नाहीं.