आभाळातला खुंटा

घरास चाके लावून ते गावोगाव हिंडवावे ही कल्पना पाश्चात्त्यांची, असा आमच्या सुशिक्षित वर्गाचा समज आहे. आणि पाश्चात्त्यांकडून जे जे येते ते एकतर डोक्यावर घ्यावे, नाहीतर पायदळी तुडवावे, यावाचून तिसरा मार्ग आम्हांस सहसा सुचत नाही. परंतु जुन्नर प्रांताशी ज्याचा संबंध आहे त्याने तरी ह्या कल्पनेस परकी म्हणू नये. नाणेघाटाने कोकणात उतरणारे व्यापाऱ्यांचे सार्थ दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलुखातून जात असत. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख त्या घाटातील लेण्यात आजही आहे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरेने सांगतात. सार्थ गेले, लमाणांचे तांडे आले; पुढे नारायणगावचे तमाशाचे फड तंबू-कनातींसह ट्रकांतून हिंडू लागले; आणि दर दिवाळीनंतर बीड व पाथर्डीकडची ऊसतोड मंडळी चूल, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन इकडे येतात, त्यांसही बरीच वर्षे लोटली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्याच्या कितीतरी आधीपासून हा सगळा संसार चाकांवरच चालला होता. त्यास पर्यटन म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

आम्ही अशी एक कॅराव्हॅन चार दिवसांकरिता भाड्याने घेतली त्याचे कारण हौस नव्हे. आमच्या मातोश्रींचे माहेर ओतूर. त्यांचे वय ब्याऐंशी. माहेरचा वाडा विकला जाऊन त्यास दोन पिढ्या झाल्या, भाऊ-भावजया निवर्तल्या, आणि पुढची पिढी पुण्या-मुंबईस गेली. ज्या गावी आपण जन्मलो तेथे एकदा रात्र काढावी, पण ती परक्याच्या ओसरीवर नको आणि खानावळीच्या खोलीत तर मुळीच नको, असा त्यांचा हट्ट. माहेरी घर उरले नाही तेव्हा घरच माहेरी न्यावे, हा तोड आमच्या कुटुंबाने काढला आणि तो मातोश्रींस पसंत पडला; पण एका अटीवर. सायंकाळच्या मराठी बातम्या चुकता कामा नयेत.

ही अट आम्ही महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत सांगितली तेव्हा मोठा हशा झाला. तत्त्वज्ञान शिकविणारे आमचे एक स्नेही म्हणाले, की ज्या पेटीपासून सुटका व्हावी म्हणून मनुष्य घर सोडतो तीच पेटी बरोबर घेऊन निघणे म्हणजे तुरुंगाचा दरवाजा खांद्यावर घेऊन पळून जाणे होय. वाक्य उत्तम आहे. तथापि हेच गृहस्थ प्रवासास निघताना स्वतःची उशी, स्वतःचा चहा आणि लसणीच्या चटणीची बाटली बरोबर घेतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. घर सोडून जाणारा मनुष्य आमच्या तरी आढळात नाही. प्रत्येकजण पिशवीत मावेल तेवढे घर बरोबर नेतो, आणि कोणाच्या पिशवीत काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे काही वर्षांनी आमच्या घरी संच आला, आणि तेव्हापासून दिवेलागणीनंतर आमचे वडील व मातोश्री शेजारी शेजारी बसून बातम्या ऐकत. वडिलांस जाऊन नऊ वर्षे झाली. मातोश्री त्या बातम्या आता दोघांच्या वतीने ऐकतात. मोबाइलवर हवी ती बातमी हव्या त्या वेळी दिसते हे त्यांस ठाऊक आहे. परंतु हव्या त्या वेळी दिसणाऱ्या वस्तूची वाट पाहता येत नाही, ही त्यांची तक्रार आहे. शिवाय माळशेजच्या बाजूस त्या मोबाइलचे जाळे डोंगराआड गेले की तुटते, ते निराळेच.

म्हणून उपग्रहावरचे दूरदर्शन. हे प्रकरण वस्तुतः काय आहे ते थोडे सांगणे अवश्य आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतालच्या एका फेऱ्यास जेवढा वेळ लागतो नेमका तेवढ्याच वेळात आपली प्रदक्षिणा पुरी करतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्यास तो जागच्या जागी खिळलेला भासतो. अशा तीन उपग्रहांवरून साऱ्या जगास संदेश पोचविता येतील असे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडले, तेव्हा पहिला कृत्रिम उपग्रह उडण्यास बारा वर्षे अवकाश होता. आमच्या पुराणांस ही कल्पना नवखी वाटली नसती. एकाने तपश्चर्येने अढळपद मिळविले तो ध्रुव. दुसरा विश्वामित्राच्या हट्टामुळे अधांतरी अडकला तो त्रिशंकू. ओतुराहून पाहिले तर ध्रुव उत्तरेस क्षितिजापासून अवघा एकोणीस अंश वर दिसतो. दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेचा उपग्रह जीसॅट-१५ हा या नव्या ध्रुवांपैकी एक. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडण्यात आला, आणि पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर तो उभा आहे. ओतूर ७४ अंशांच्या जवळपास. म्हणून तेथून तो जवळजवळ ठीक आग्नेयेस आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर सापडावयास हवा. सापडावयास म्हणजे तबकडीस. डोळ्यांस तो दिसत नाही. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये निराळ्या नावाने सुरू झाली, तिला मासिक वर्गणी नाही. तबकडी आणि लहानशी पेटी एकदा विकत घेतली की झाले.

स्थावर घराच्या धन्यास यातले काहीच ठाऊक असण्याची गरज पडत नाही. एक मनुष्य येतो, गच्चीवर तबकडी ठोकून जातो, आणि पुढे दहा वर्षे त्या घरातील कोणीही आग्नेय दिशा कोठे आहे याचा विचार करीत नाही. चाकांवरच्या घरास मात्र रोज संध्याकाळी हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो: आपण कोठे आहो, जमीन सपाट आहे की उतरती, आणि आग्नेयेस काय आडवे येते? साठ सेंटिमीटरच्या तबकडीची दृष्टी जेमतेम तीन अंशांची. मध्यापासून दीड अंश ढळली की चित्राचे तुकडे होतात, आणखी ढळली की पडदा काळा. लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरांच्या घरातली, तेव्हा धो धो पाऊस त्यांस गिळतो आणि हिरव्या पानांचा पडदाही त्यांस पार होत नाही. टपावर तबकडी बसविली तर गाडीत कोणी कूस बदलली की टप हलतो, म्हणून ती तिपाईवर जमिनीवर ठेवणे बरे. धावत्या गाडीत चित्र हवे असेल तर घुमटाखाली स्वतःच उपग्रह शोधीत फिरणारी यंत्रे मिळतात, जहाजांवर ती असतात; पण त्यांची किंमत ऐकून आम्ही धावत्या गाडीत खिडकीबाहेर पाहण्याचे ठरविले. आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घरगुती तबकडी जिकडे तोंड करून उभी दिसते तिकडे ती पाहतच नसते. तिचा ग्राहक मधोमध नसून खालच्या बाजूस पुढे आलेला असतो, त्यामुळे ती दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वरचे पाहते. समोर पाहून भलतीकडे लक्ष असलेले विद्यार्थी आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी आमचे मत यामुळे किंचित बदलले आहे.

जुन्नर तालुक्यात आभाळाकडे तोंड करून बसण्याचा हा व्यवसाय नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशांशी बोलणारे केंद्र उभे राहिले. देशातील तशा व्यापारी केंद्रांत ते पहिले. विक्रम साराभाई त्याच वर्षाच्या अखेरीस वारले आणि केंद्रास त्यांचे नाव मिळाले. त्या काळी उपग्रहांचा आवाज इतका क्षीण असे की तो ऐकण्यास सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी लागे. आता उपग्रह बलवान झाले, म्हणून तबकडी परातीएवढी पुरते. तेथून जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्या, प्रत्येकी पंचेचाळीस मीटरांच्या. पण त्या भरीव पत्र्याच्या नसून ताणलेल्या तारेच्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वारा त्यांतून निघून जातो आणि लोखंड थोडके लागते. माणसांचा रेडिओ-गोंगाट या खोऱ्यात कमी, हे ती जागा निवडण्याचे एक मोठे कारण. तीस तबकड्या तेथे आकाशगंगांची कुजबूज ऐकतात. आम्हांस बातम्या ऐकावयाच्या होत्या.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास आम्ही ओतुरास पोचलो. कपर्दिकेश्वराचे दर्शन झाले. मांडवी नदीच्या पात्राकडे पाहून मातोश्री बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चालकाने नदीपासून थोडे दूर, एका शेतकऱ्याच्या परवानगीने, चिंचेच्या दाट सावलीत गाडी लावली आणि तिपाई मांडली. पलीकडे उसाचे फड होते आणि बांधाला लागून ऊसतोडीच्या टोळीच्या आठ-दहा कोप्या. चालक तबकडी फिरवीत होता, आम्ही आत पेटीवरचा आकडा वाचीत होतो. आकडा शून्यावरून हलेना. सूर्य खाली चालला तसा मातोश्रींचा चेहरा आम्हांस दिसेना आणि त्यांनी घड्याळाकडे पाहणे मुद्दाम टाळले.

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन जाणारा टोळीतला एक तरुण थांबला. “सर, चिंच आडवी येतीय. पंधरा पावलं भाईर काढा,” एवढेच म्हणून तो निघाला, आणि मग काय वाटले कोणास ठाऊक, कळशी खाली ठेवून परत आला. त्याच्या स्वतःच्या कोपीपुढे, दोन धोंड्यांनी दाबलेल्या लोखंडी पायावर तबकडी उभी होती. तिच्या मागच्या पट्टीवर लाल ठिपका होता. ती उंचीची खूण. “कारभारणीचं नखपालिश हाय,” तो संकोचून म्हणाला. औंदा पाचवे गाव, पण त्या ठिपक्यापासून पट्टी हलवावी लागलेली नाही. आणि दिशा? त्याने हात लांब करून पंजा ताणला. सकाळी सूर्य उगवतो त्या जागेपासून उजवीकडे एक वीत. पुढे शिमग्याच्या सुमारास सूर्य डावीकडे सरकतो, तेव्हा दोन विती.

आम्ही मागाहून गणित करून पाहिले. संक्रांतीस ओतुरात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे बावीस-तेवीस अंशांवर उगवतो. उपग्रह त्रेचाळीसांच्या आसपास. लांब केलेल्या हाताची वीत वीस अंशांची. मार्चच्या मध्यास सूर्य पूर्वेच्या निकट येतो, तेव्हा अंतर चाळीस अंशांचे, म्हणजे दोन विती. बीड आणि ओतूर यांच्या उंचीच्या कोनात फरक दीड अंशाचा, तोही तबकडीच्या दृष्टीत सामावणारा. आम्ही तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविले, आणि आमच्या खोलीतील कोणासही सूर्य रोज निराळ्या ठिकाणी उगवतो हे छातीठोक सांगता आले असते की नाही, याची शंका आहे.

गाडी पंधरा पावले पुढे गेली. त्याने आमची तबकडी आपल्या तबकडीस समांतर केली, पट्टी किंचित सैल करून बोटाने ढकलली, आणि आतून आमच्या कुटुंबाने “आले, आले!” म्हणून हाक दिली. बातम्या सुरू होण्यास चार मिनिटे होती. मातोश्रींनी दाराशी येऊन त्याला तिळाची वडी दिली व विचारले, “अरे बाळा, दिवसभर कोयता चालवून तुम्हांला हे बघायला वेळ कधी मिळतो रे?”

“आमच्यासाठी न्हाई, आजी,” तो म्हणाला. “पोरांसाठी. ट्रक आला की आम्हां नवरा-बायकोला भरणीला जावं लागतं, कधी रातच्या दहा-अकरापर्यंत. ह्या भागात बिबट्या लई. टीव्ही चालू असला की पोरं कोपीच्या भाईर पडत न्हाईत.”

जुन्नरच्या उसात बिबट्यांची वस्ती आहे हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचीत आलो आहो. माणिकडोहास त्यांच्याकरिता निवारा केंद्रही आहे. परंतु कोपीला दार नसते, पाचटाच्या भिंतीस कडी लागत नाही, याचा त्या वाचनात कधी उल्लेख आल्याचे स्मरत नाही. त्या कोपीत लहानसे सौरफलक, गाडीची जुनी बॅटरी आणि चौदा इंची संच होता. समोर दोन मुले बसली होती. मोठी सातेक वर्षांची, तिच्या मांडीवर धाकटा.

मातोश्रींनी बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. एरवी त्या संपताच संच बंद करावयाचा असा त्यांचा शिरस्ता. त्या रात्री त्यांनी तसे केले, पण दिवा मालवू दिला नाही, आणि कोपीच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून त्या बसून राहिल्या. थंडी होती. आम्ही दोनदा शाल दिली, ती त्यांनी न बोलता घेतली. कोपीतून कसल्याशा गाण्याचा आवाज येत होता, मधूनच मुलांचे हसणे. साडेनऊच्या पुढे हसणे थांबले, गाणे चालू राहिले. अकरा वाजून गेल्यावर भरलेला ट्रक हेलकावे घेत कच्च्या रस्त्याने कारखान्याकडे निघाला, बॅटरीचा उजेड बांधावरून पुढे आला, दोन माणसे कोपीत वाकून शिरली, आणि तो आवाज बंद झाला. मग मातोश्रींनी खिडकी लावून घेतली.