मोडलं तर जोडता येणारं विमान

मुलांसाठी विमानाचं किट घेताना आपली नजर आधी खोक्यावरच्या चित्रावर जाते. चित्रातलं विमान ढगांतून झेपावत असतं. पण घरी येतं ते चित्र नव्हे, तुकडे येतात. ते जोडणारे हात कोणाचे आणि किती लहान, याचा विचार दुकानात क्वचितच होतो.

आमची धाकटी चौथीत आहे. तिच्याकडे ईदीचे 700 रुपये साठले होते आणि तिला ‘खरं उडणारं’ विमान हवं होतं. आम्हा दोघांपैकी एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरे एसटीत आहेत. विमानातलं आम्हाला फारसं कळत नव्हतं, पण लेकीचा स्वभाव ठाऊक होता. तिला चुकण्याची भारी धास्ती. एक अक्षर वाकडं आलं तर कागद फाटेपर्यंत खोडरबर चालवणार. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करणार नाही. म्हणून किट निवडताना आम्ही एकच प्रश्न धरून ठेवला: हे मोडलं तर पुढे काय?

प्लॅस्टिकचं किट सुरेख दिसतं. त्यावर 1/72 लिहिलेलं असतं, म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. पण त्यातले काही तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे असतात, रंगकामही असतं, आणि शेवटी ते कपाटावर बसतं. रिमोटचं विमान उडतं खरं, पण बॅटरी, मोटर, चार्जर सांभाळा आणि ते चालवायलाही शिका. एकदा आपटलं की खर्च. लेकीने तर भीतीने ते हातातच धरलं नसतं.

म्हणून आम्ही रबराच्या पिळावर पंखा फिरणारं, बाल्सा लाकडाचं छोटं विमान घेतलं. पंख, शेपटी, मधली काडी, पंखा, चाकं आणि रबर, एवढंच सामान. बाल्सा इतकं हलकं की पातळ पट्टी नखानेही दबते. लवकर मोडतं, पण पांढऱ्या फेव्हिकॉलने जुळतंही.

या खेळण्याचं घराणं जुनं आहे. 1871 साली पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबरावर चालणारं लहानसं विमान उडवलं. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं. पुढे 1878 साली अमेरिकेत मिल्टन राइट यांनी पेनोच्याच कल्पनेवरचं, बुच, बांबू आणि कागदाचं उडतं खेळणं मुलांना आणून दिलं. ते मोडल्यावर विल्बर आणि ऑर्व्हिल या भावांनी स्वतःच तसं बनवायला घेतलं. 1903 साली माणसाला घेऊन इंजिनावर उडणारं विमान याच दोघांनी उडवलं. लेकीला यातलं ‘मोडल्यावर’ एवढंच लक्षात राहिलं.

मगरिबनंतरच्या दोन संध्याकाळी विमान तयार झालं. ब्लेड आमच्या हातात, बाकी सगळं तिच्या. मग पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन्हीकडे बोटांची टोकं लावून विमान तोललं. शेपटी खाली झुकली, म्हणून नाकाला खेळण्यातल्या मातीची गोळी चिकटवली.

रविवारी फजरनंतर, वारा पडलेला असताना मैदानावर गेलो. आधी रबर न पिळता नुसतं सोडून पाहिलं, मग थोडे थोडे पीळ वाढवले. तिसऱ्या उड्डाणात विमान थेट कडुलिंबावर आदळलं आणि डावा पंख मोडला. तिने विमानाकडे नाही, आमच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. घरी दादी एवढंच म्हणाल्या, “टूटा तो जोडना, रोना कायको?”

तिने जोडलं आणि रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी विमान डावीकडेच वळू लागलं. दोन-तीनदा पाहून ती म्हणाली, “अब्बू, फेव्हिकॉलने हा पंख जड झालाय.” मग उजव्या पंखाच्या टोकाला तिनेच मातीचा कण लावला. विमान बरंचसं सरळ गेलं.

बी.एड.ला ‘कृतीतून शिक्षण’ पाठ केलं होतं. तिचं खोडरबर अजून सुटलेलं नाही. पण परवा चुकलेल्या गणितावर तिने नुसती एक रेघ मारली आणि खाली पुन्हा मांडलं. आम्हाला तेवढं पुष्कळ वाटलं.

तुम्हीही घेणार असाल तर खोकं उलटून पाहा. तुकडे कमी आहेत का, जोडणी चित्रांनी दाखवली आहे का, जादा रबर आहे का. झटकन चिकटणारा गोंद टाळा, तो आधी बोटं चिकटवतो. आणि पहिलं विमान मोडणारच, हे मुलाला उडवण्याआधीच सांगून ठेवा.