अंकास अंक : वाङ्मयीन सावडीचा विचार

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकीये, वादविवाद आणि अंक बंद पडल्याच्या तारखा यांची नोंद होते. एक नियतकालिक दुसऱ्याकडे कसे पोचते, याची मात्र सहसा होत नाही. वस्तुतः लहान गावातून निघणाऱ्या अंकाचे वाङ्मयीन आयुष्य बव्हंशी याच व्यवहारावर अवलंबून असते. आपला अंक पाठवावा, त्याच्या बदल्यात दुसऱ्याचा यावा, पैशाचा हिशेब मध्ये येऊ नये आणि 'साभार पोच' या सदरात एका ओळीची दखल घेतली जावी, असे त्याचे साधे रूप. संपादक त्याला विनिमय म्हणतात. शब्द अर्थव्यवहारातला आहे. पण या व्यवहारात काय दिले जाते आणि काय घेतले जाते, हे तितके साधे नाही.

हा प्रश्न पुण्यामुंबईहून पाहिला तर गौण वाटेल. सोनपेठहून पाहिला तर तो वेगळा दिसतो. गोदावरीच्या दक्षिणेला असलेले परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. रेल्वेसाठी गंगाखेड किंवा परळी गाठावी लागते. नावात 'पेठ' असली, तरी मराठी वाङ्मयाची पेठ येथून दूर आहे. या गावातून एखादा प्राध्यापक किंवा शिक्षक चारशे प्रतींचे अनियतकालिक काढतो आहे, अशी कल्पना करावी. वर्गणीदार साठसत्तर, त्यांतले निम्मे माजी विद्यार्थी. त्याच्यापाशी वीस प्रती विनिमयासाठी आहेत. त्या कोणाला पाठवायच्या, हा त्याच्यापुढचा पहिला समीक्षात्मक निर्णय असतो. कारण ही वीस जणांची यादी म्हणजे त्याने आपल्यापुरता मांडलेला मराठी साहित्याचा नकाशाच होय.

या निवडीचे तीन निकष सामान्यतः संभवतात. पहिला प्रतिष्ठेचा : ज्याचे नाव मोठे, त्याच्याकडे अंक गेला पाहिजे. दुसरा सजातीयतेचा : ज्याची भूमिका आपल्यासारखी, त्याच्याशीच देवघेव. तिसरा अभावाचा : जे आपल्या गावात मिळत नाही, ते ज्याच्याकडून येईल, तो भागीदार. पहिल्या निकषात सोनपेठचा अंक याचक होतो. मोठ्या नियतकालिकाकडे तो नेमाने जातो आणि तेथून पोचही येत नाही. दुसऱ्या निकषात कंपू तयार होतो. उंट आणि गाढव यांच्या परस्परस्तुतीची सुभाषितातील गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दहा अनियतकालिकांनी एकमेकांच्या अंकांना 'लक्षणीय' म्हटले, की समीक्षेचे काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते सुरूच झालेले नसते. तिसरा निकष अवघड आहे, कारण त्यासाठी आपल्यापाशी काय नाही, हे आधी कळावे लागते.

मराठी लघुनियतकालिकांच्या चळवळीत हे तिन्ही निकष एकमेकांशी झगडताना दिसतात. १९५०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत 'शब्द' निघाले, १९६३ मध्ये 'असो', आणि त्याच दशकात औरंगाबादेहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'वाचा'. प्रस्थापित मासिकांच्या अभिरुचीबाहेरचा वाचक या अंकांना हवा होता. असा वाचक बाजारात तयार सापडत नाही. तो एका अंकाच्या हातून दुसऱ्या अंकाकडे जात जात घडतो. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले, तेव्हा एक केंद्र गेले. परंतु केंद्राबाहेरच्या अंकांचे परस्परसंबंध त्याआधीच उभे राहिले होते. धुळ्याहून १९८५ मध्ये पुरुषोत्तम पाटील यांनी 'कवितारती' सुरू केले आणि पुणेमुंबईबाहेरचे गावही मराठी कवितेचे ठिकाण होऊ शकते, हे दाखवून दिले.

'अस्मितादर्श'चे उदाहरण याहून निराळे आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी उभे केलेले हे नियतकालिक वाचक-लेखक मेळाव्यांसाठीही ओळखले गेले. अंकास अंक देण्याचा व्यवहार संपादक-संपादकांत होतो. त्यात ज्याच्यापाशी स्वतःचा अंक नाही, त्याला जागा नसते. शतकानुशतके ज्यांना लिहिण्या-छापण्याच्या साधनांपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या बाबतीत 'आधी तुमचा अंक दाखवा' ही अट म्हणजे जुन्याच बहिष्काराची नवी आवृत्ती ठरली असती. मेळाव्यात मात्र अंक नसलेला वाचकही समोरासमोर बोलू शकत होता. विनिमयाची मर्यादा येथे स्पष्ट होते : ज्यांच्यापाशी देण्यासारखे आधीच काही आहे, त्यांच्यातच तो समता मानतो.

या संदर्भात मार्सेल मॉस यांचा १९२५चा दानविषयक निबंध आठवणे स्वाभाविक आहे. देणे, स्वीकारणे आणि परत करणे अशी तीन बंधने त्यांनी दानव्यवहारात दाखवली. पुढे पिएर बुर्द्यू यांनी त्यात काळाचा मुद्दा आणला. दान आणि प्रतिदान यांच्यामध्ये अंतर पडते, म्हणूनच त्यातील हिशेब झाकला जातो. लगेच केलेली परतफेड दानाचा अपमान करते. हे सूत्र मराठी नियतकालिकांना लावून पाहिले, तर 'अनियतकालिक' या शब्दालाच नवा अर्थ येतो. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येणाऱ्या दोन मासिकांची देवघेव ही अदलाबदल असते. एक अंक चुकला, की तक्रारीचे पत्र जाते. अनियतकालिकाचा पुढचा अंक कधी येईल, येईल की नाही, हे त्याच्या संपादकालाही सांगता येत नाही. म्हणून त्याला पाठवलेला अंक परतफेडीच्या खात्रीविना पाठवलेला असतो. अनियमितपणा हा त्या अंकांचा दोष मानला गेला. परंतु त्यांच्यातील विनिमयाला दानाचे रूप याच दोषाने दिले.

शासनव्यवहाराला हे रूप कधी उमगले नाही. भारतीय टपाल अधिनियम, १८९८च्या नवव्या कलमान्वये वृत्तपत्र म्हणून सवलतीच्या दरासाठी नोंदणी हवी असेल, तर प्रकाशन एकतीस दिवसांहून अधिक अंतराने होता कामा नये आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे, अशा अटी होत्या. अनियतकालिक पहिल्या अटीत बसत नव्हते, आणि विनिमयाचा भागीदार दुसरीत : तो ग्राहक नव्हे, वर्गणीदारही नव्हे. २०२३च्या नव्या अधिनियमाने तो जुना कायदा निरस्त केला. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची नोंदणीकृत टपालाची स्वस्त सेवाही बंद झाली. पुण्याच्या प्रकाशकाला हा खर्चाचा प्रश्न वाटेल. सोनपेठच्या संपादकाला मात्र वीस जणांच्या यादीतून सात नावे खोडावी लागतील. कोणती सात, या प्रश्नाच्या उत्तरात त्याची वाङ्मयदृष्टी उघडी पडेल.

दुसरे संकट विद्यापीठीय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती थांबवली. मधल्या वर्षांत यादीत नाव असलेल्या नियतकालिकाशी संबंध ठेवणे म्हणजे निबंधाची, आणि पर्यायाने पदोन्नतीची, सोय असा अर्थ रूढ होऊ पाहत होता. अशा वेळी विनिमयाची वही बदलते : कोण वाचतो याऐवजी कोण मोजला जातो, हा निकष होतो. यादी गेली, तरी तिने लावलेली सवय लगेच जाईल असे नाही.

याला पर्यायी शब्द सोनपेठच्या शिवारात सापडण्यासारखा आहे. शेतकरी सावड करतो : आज माझे माणूस आणि बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. सावडीत मजुरी नसते, पण दिवस मोजले जातात. इर्जिकीत मात्र अनेकांची औते एका दिवशी एकाच्या शेतात उतरतात. तो सर्वांना जेवू घालतो आणि कोणी फेडीचा दिवस ठरवीत नाही. परभणीला १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ती एका अर्थी इर्जिकच होती. मांडव उतरल्यावर मात्र गावोगावच्या लेखकाला पुन्हा सावडीवरच यावे लागते. सावडीत आणखी एक गुण आहे. शेजाऱ्याच्या शेतात राबणारा त्याच्या नांगरटीतला उणेपणा जवळून पाहतो, आणि बांधावर बसून तो सांगतोही. वाङ्मयीन विनिमयाने हा गुण गमावला. 'अंक मिळाला, देखणा आहे' एवढ्या पोचेने सावड फिटत नाही. आलेल्या अंकातील एका तरी लेखाशी सविस्तर वाद किंवा संवाद करणे, ही तिची खरी फेड होय.

म्हणून सोनपेठच्या त्या संपादकाने आपली वही तीन रकान्यांची करावी : अंक कधी गेला, कधी आला, आणि त्यातले काय वाचले गेले. तिसरा रकाना वर्षभर कोरा राहिला, तर ती भागीदारी मोडण्यास हरकत नाही, मग समोरचे नाव कितीही मोठे असो. आणि यादीत एकदोन नावे अशी असावीत, ज्यांच्याकडून काहीच येणार नाही : गावातले वाचनालय, शेजारच्या तालुक्यातला एखादा वाचक.

संशोधकांसाठीही येथे काम आहे. संपादकांच्या घरी पडलेल्या अशा पोचवह्या आणि पत्त्यांच्या याद्या रद्दीत जाण्यापूर्वी गोळा केल्या, तर मराठी समीक्षेत केंद्र आणि परिघ यांविषयी जे विधान आजवर अंदाजाने केले जाते, त्याला पत्त्यांचा आणि तारखांचा आधार मिळेल. कोणाचा अंक कोणाकडे गेला नाही, हेही त्यातूनच कळेल.