समुद्रावरचे बालमंदिर

आमच्या पिढीतील पुष्कळांची समुद्राशी पहिली ओळख भाऊच्या धक्क्यावर झाली. कोकणच्या बोटीत वळकटी पसरून बसावयाचे, उलटीच्या भीतीने उपाशी राहावयाचे आणि बंदर आले म्हणजे गाठोडी सांभाळीत उतरावयाचे, एवढाच आमचा समुद्रप्रवास. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात चिरंजीवांनी आम्हां उभयतांस मायामी बंदरातून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन रात्रींच्या सहलीस नेले, तेव्हा जहाजावर पाऊल ठेवताच आपण बोटीवर आलो की एखाद्या तरंगत्या पेठेत, असा आम्हांस संभ्रम पडला. भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव, दुकाने, काही म्हणून कमी नव्हते. परंतु त्या वैभवाचे वर्णन करण्यासाठी ही लेखणी हाती घेतलेली नाही. त्या जहाजावरील एका दालनाविषयी वाचकांस सांगावयाचे आहे. ते म्हणजे मुलांचे दालन.

आईबापांस चार घटका मोकळीक मिळावी म्हणून अशा जहाजांवर मुलांची निराळी व्यवस्था असते. तेथील तरुण शिक्षक-शिक्षिका मुलांकडून चित्रे काढवितात, गाणी म्हणवितात, खेळ घेतात. मुलांचे गट सामान्यतः वयावरून पाडलेले असतात. आम्ही उभा जन्म मुले शिकविण्यात घालविला; तेव्हा हे समुद्रावरचे बालमंदिर पाहण्याची उत्सुकता आम्हांस होतीच. शिवाय आमचा सात वर्षांचा नातू तेथे जावयाचा होता, आणि तो स्वमग्न आहे.

‘ऑटिझम’ या शब्दास मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. एकटे राहण्याची ओढ आणि सर्व काही नेहमीसारखेच असावे असा आग्रह, ही दोन लक्षणे त्यांनी विशेषेकरून सांगितली. आईबापांच्या मायेतील उणिवेमुळे मूल असे होते, हा समज एके काळी डॉक्टरांतही होता; तो पुढे खोटा ठरला. हा मेंदूच्या घडणीतील भेद होय, वळणाचा दोष नव्हे. आमच्या नातवापाशी शब्द थोडे, आकडे पुष्कळ. मोठा आवाज त्यास सोसत नाही. मनगटास काही बांधलेले खपत नाही. हे सर्व आम्हांस तोंडपाठ होते. तरीही मनातून आम्ही त्यास हट्टी समजत होतो, आणि सूनबाई त्याचे फार लाड करितात असे सौभाग्यवतींपाशी बोलूनही दाखवीत होतो. हे येथे कबूल केले पाहिजे.

जहाज सुटण्यापूर्वी संकटकाळची कवाईत होते. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजतो. पूर्वी या वेळी हजारो उतारूंस एकदमच दाटीने उभे करीत. २०२० च्या महामारीपासून अनेक कंपन्यांनी ती रीत बदलली. आता सूचना फोनवर पाहावयाच्या आणि आपापल्या सवडीने नेमलेल्या जागी जाऊन हजेरी द्यावयाची. रोगाच्या भयाने केलेली ही सोय आमच्या नातवासारख्या मुलांस मात्र वरदान ठरली आहे. भोंग्याच्या वेळी सूनबाईंनी त्याच्या कानांवर आवाज अडविणारे हेडफोन चढविले आणि तो प्रसंग निभावला.

संध्याकाळी मुलांच्या दालनात मात्र निभावले नाही. दाराशीच त्याच्या मनगटास ओळखपट्टी बांधली. आत ढोल-ताशांसारखे संगीत चालू होते आणि तीस-चाळीस मुले एकदमच ओरडत होती. दहा मिनिटांत सूनबाईंच्या फोनवर निरोप आला. आम्ही जाऊन पाहतो तो नातू मेजाखाली शिरून कान दाबून किंचाळत आहे. तेथील तरुणीने सौजन्याने सांगितले, की एकाच मुलापाशी एक माणूस बसविणे त्यांच्या नियमांत बसत नाही. तेव्हा आज त्यास परत न्यावे. दाराशी उभी असलेली इतर मंडळी पाहत होती. आम्हांस लाज वाटली, आणि खोलीकडे परतताना आमच्या तोंडून गेलेच, “जरा दटावून पाहिले असते तर?”

सूनबाई थांबल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाबा, तो हट्ट करीत नव्हता, घाबरला होता. आत गेल्यावर काय होणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ती चूक माझी आहे. मी फॉर्म भरून पाठवला आणि तो या खोलीपर्यंत पोहोचला असेल असे धरून चालले.”

त्या रात्री सूनबाईंनी आम्हांस पुष्कळ सांगितले. अमेरिकेत ‘ऑटिझम ऑन द सीज’ नावाची संस्था २००७ पासून अशा कुटुंबांसाठी सफरी योजिते आणि त्यांबरोबर आपली अनुभवी माणसे पाठविते. तिच्या साहाय्याने रॉयल कॅरिबियन कंपनीने २०१४ साली आपल्या जहाजांवर काही सवलती सुरू केल्या. त्यांत मुलास वयाऐवजी कुवतीप्रमाणे गटात बसविण्याची मुभा होती. कार्निव्हल कंपनीने ‘कल्चरसिटी’ या संस्थेकडून आपल्या नोकरांस शिक्षण देवविले, आणि हेडफोन, हातात चाळविण्याची खेळणी व चित्रपत्ते असलेल्या पिशव्या जहाजांवर ठेविल्या. परंतु एकट्या मुलाची खास शुश्रूषा बहुतेक कोठेच मिळत नाही. “सवलत कागदावर असते,” सूनबाई म्हणाल्या, “ती अमलात आणायला दोन माणसांनी एकमेकांशी बोलावे लागते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दालनाच्या मुख्य बाईंना भेटावयास गेल्या; आम्हीही मागोमाग गेलो. बाईंनी सर्व ऐकून घेतले आणि दालन उघडण्यापूर्वी अर्धा तास नातवास तेथे आणावयास सांगितले. रिकाम्या दालनात तो भिंतीला धरून एक फेरी फिरला, खुर्च्या मोजल्या, मेजाखाली डोकावून आला. सूनबाईंनी कागदावर चार चौकोन काढले: दार, रंग, गोष्ट, आई. ओळखपट्टी मनगटाऐवजी बुटाच्या बंदास बांधावयाची ठरली. सहा-सात वर्षांच्या गर्दीच्या गटाऐवजी लहान मुलांच्या शांत कोपऱ्यात वीसच मिनिटे बसवावयाचे ठरले. याहून अधिक काही नव्हे. या सर्वांस एक पैचा खर्च आला नाही.

त्या दिवशी जहाज नॅसॉ बंदरास लागले. तेथे चुनखडीचा खडक फोडून केलेला एक उंच जिना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांच्या हातून तो खोदविला गेला, आणि पुढे त्यास व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. दोन्ही बाजूंस खडकाच्या ओल्या भिंती, त्यांवर वेली, आणि माथ्यावर १७९३ सालचा फिनकॅसल किल्ला. आमच्या हातातील माहितीपत्रकात सहासष्ट पायऱ्या लिहिल्या होत्या. नातू आजीचा हात धरून, तिने शिकविलेल्या मराठी आकड्यांनी मोजीत वर आला आणि म्हणाला, “पासष्ट.” आम्ही जन्माचे मास्तर. ताबडतोब त्याची चूक सुधारली, “सहासष्ट, बाळ.” तो रडला नाही, चिडलाही नाही. आमचे बोट धरून त्याने आम्हांस पुन्हा खाली नेले आणि एकेक पायरी मोजावयास लाविली. पासष्टच भरल्या. खाली उभ्या असलेल्या एका वाटाड्याने हसून सांगितले, की सर्वांत खालची पायरी रस्ता करताना बुजली. दिसतात त्या पासष्ट. आम्ही छापलेले वाचले होते. मुलाने पाहिले होते.

त्या संध्याकाळी तो ठरल्याप्रमाणे वीस मिनिटे दालनात बसला. तिसऱ्या दिवशी तासभर बसला. आम्ही काचेबाहेरून पाहत होतो. मुले धावत होती, नाचत होती. आमचा नातू त्यांत नव्हता. कोपऱ्यात बसून तो विखुरलेल्या रंगखडूंचे रंगावार ढीग लावीत होता. त्याची मान वर होत नव्हती. थोड्या वेळाने एक लहानशी मुलगी आली आणि तिने जमिनीवर पडलेला एक निळा खडू उचलून त्याच्यापुढे धरिला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. परंतु खडू घेतला, निळ्यांत ठेविला आणि हात पुन्हा पुढे केला. तिने दुसरा दिला. असे दहा-बारा खडू झाले. इतर आईबापांस यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. सूनबाईंनी मात्र काचेस कपाळ टेकले होते.

आम्हांस त्या वेळी निराळेच आठवले. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो कोणाशी बोलत नसे. मधल्या सुटीत आमच्या मेजावरील खडूंचे तुकडे लांबीप्रमाणे लावीत बसे आणि घंटा झाली तरी उठत नसे. एके दिवशी आम्ही त्याचे खडू हाताने उधळून दिले आणि त्यास बाकावर उभे केले. तो किंचाळला, तेव्हा आणखी शिक्षा केली. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. तो कोठे गेला, हे आम्ही विचारिलेही नाही. त्या काळी आम्हांस हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. परंतु न कळणाऱ्या मुलाविषयी विचारपूस करावयास विद्या लागत नव्हती.

‘मग्न’ हा शब्द मस्ज् धातूपासून झाला. त्याचा मूळ अर्थ बुडालेला. व्याकरण शिकविताना हे आम्ही कित्येकदा सांगितले असेल. परंतु भर समुद्रावर त्या काचेपाशी उभे असता, आपल्या नातवास हा शब्द पुरता लागू नाही, असे आम्हांस वाटले.

मुंबईहून गोव्याकडेही अशी सहलीची जहाजे निघू लागली, आणि आपल्यांतील कुटुंबे त्यांतून जातात. ज्यांच्या घरी असे मूल असेल, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारावे: मुलास दालन रिकामे असताना दाखवाल काय? त्यास कोणत्या गटात बसवाल? अडचण पडल्यास आम्हांस कसे बोलवाल? जहाजावर चढल्यावर तेच पुन्हा तोंडी सांगावे. अशी मुले नकळत निसटतात आणि पाण्याकडे ओढली जातात, म्हणून खोलीचे दार व सज्जाची कडी स्वतः तपासावी. आणि पहिला दिवस बिघडला, तर तेवढ्यावरून मुलाची परीक्षा करू नये. बरोबर आजोबा असल्यास त्यांस आधी समजावून सांगावे. ते बहुधा शेवटी शिकतात.

चौथ्या दिवशी सकाळी मायामीस उतरताना आमच्या पुढे नातू मोजीत चालला होता. या वेळी आम्ही मध्ये बोललो नाही.