पूर्वजांची निवड

परमेश्वराने मनुष्याला आईबाप निवडण्याची मुभा दिली नाही. परंतु पूर्वज ज्याचे त्याने निवडावेत, अशी वहिवाट मनुष्याने स्वतःच पाडून घेतली आहे. जितके मागे जावे, तितके साक्षीदार कमी होतात आणि कुळाचे तेज वाढत जाते.

आमच्या मॉरिशस बेटातील मराठी घरांत ‘आमचे खापरपणजोबा सरदार होते’ हे वाक्य पुष्कळदा कानी पडते. ते खोटेच असते असे नाही. येथील उसाच्या मळ्यांवर मजुरांच्या टोळीवरील मुकादमाला ‘सरदार’ म्हणत. परंतु सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुकादम नसतो. घोडा, तलवार आणि शिरपेच असतो. वर्गात ‘आमचे पूर्वज’ या विषयावर निबंध लिहावयास दिला की इतके सरदार जमतात की, ऊस तोडावयास कोणी उरतच नाही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आप्रवासी दप्तरे मात्र निर्विकार आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक आहे, वय आहे, जहाजाचे नाव आहे. शिरपेचाचा रकाना नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांच्यामागून सुमारे साडेचार लाख माणसे आली. त्यांत मुंबईच्या धक्क्यावरून निघालेले आपले कोकणी वाडवडीलही होते. आरंभीच्या करारांत पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. अशा हिशेबातूनही ज्यांनी गणपती बसविला, झाकरी जपली आणि मुलांना शाळेची पायरी दाखविली, त्यांना उसन्या तलवारीची गरज काय? कोयता पुरेसा तेजस्वी होता.

आता मनुष्यस्वभावाची गंमत पाहा. २००६ साली आप्रवासी घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. दरवर्षी २ नोव्हेंबरला तेथील सोळा पायऱ्यांपुढे आपण नतमस्तक होतो, फुले वाहतो, भाषणे ऐकतो आणि डोळे पुसतो. त्याच दिवशी घरी परतताना बांगलादेशातून, मादागास्करहून किंवा खुद्द भारतातून करारावर आलेले कामगार कारखान्याच्या दाराशी रांगेत दिसले, की आपणच म्हणतो, ‘अलीकडे ही परकी माणसे फार झाली!’ त्यांच्याही खिशात करार आहे, गावी म्हातारी आई आहे, आणि त्यांचेही नाव येथल्या जिभेवर वेडेवाकडे होते. फरक इतकाच, की त्यांचे अद्याप पूर्वज झालेले नाहीत. मजूर शंभर वर्षे जुना झाला की वंदनीय ठरतो. ताजा असेपर्यंत तो गर्दी असतो.

सुज्ञ वाचकहो, गणेशोत्सव आटोपला की पितृपक्ष येतो. आपण श्रद्धेने पान वाढतो आणि कावळ्याची वाट पाहतो. ते अवश्य करावे. परंतु त्याच दिवशी दाराशी विटा वाहणाऱ्या परदेशी कामगाराला नाव विचारावे आणि तांब्याभर पाणी द्यावे. श्राद्धाचे अन्न पितरांपर्यंत कसे पोहोचते, हे शास्त्रीबुवांनी सांगावे. तहानलेल्याला दिलेले पाणी पोहोचते, याला निराळे प्रमाण लागत नाही.